जुनी दप्तरे, नवी यंत्रे

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे एक गाव आहे. गावाचे नाव आणि तेथील चॉकलेटच्या कंपनीचे नाव एकच. या कंपनीवर १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक विलक्षण प्रसंग ओढवला. कारखाने चालू होते, गोदामांत माल होता, दुकानदारांच्या मागण्याही येऊन पडल्या होत्या. परंतु माल दुकानांपर्यंत पोहोचत नव्हता. ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविनचा सण असतो. आपल्याकडे दिवाळीत मिठाईच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते, तशीच झुंबड तेथे त्या दिवसांत चॉकलेट आणि गोळ्यांसाठी उडते. नेमक्या त्याच हंगामात सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनीला वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. त्या तिमाहीत तिची विक्री सुमारे १२ टक्क्यांनी आणि नफा सुमारे १९ टक्क्यांनी घसरला. याचे कारण संप नव्हता की कच्च्या मालाचा तुटवडा नव्हता. कंपनीने जुलै महिन्यात आपली जुनी संगणक-व्यवस्था मोडीत काढून तिच्या जागी नवी बसवली होती, एवढेच ते कारण होते.

हा प्रश्न एका दूरदेशीच्या चॉकलेट कंपनीपुरता मर्यादित असता, तर त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज बँक, विमा कंपनी, साखर कारखाना, विद्यापीठ, नगरपालिका, सहकारी सोसायटी अशा प्रत्येक संस्थेपुढे हा प्रसंग कधी ना कधी उभा राहतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली व्यवस्था थकते, तिचे सुटे भाग मिळेनासे होतात, ती जाणणारी माणसे निवृत्त होतात आणि संचालक मंडळाच्या बैठकीत ती बदलण्याचा ठराव येतो. ठराव मंजूर होण्यास फारसा वेळ लागत नाही. वस्तुतः खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. नवे यंत्र कोणते घ्यावे, याचा विचार जेवढ्या बारकाईने होतो, त्याच्या एक दशांश बारकाईनेही जुने काम प्रत्यक्षात कसे चालत होते याचा विचार होत नाही. या क्षेत्रातील मोठमोठ्या अपयशांचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

जुनी व्यवस्था इतकी वर्षे टिकते तरी का, हे आधी पाहिले पाहिजे. ती केवळ आळसामुळे टिकते असे मानणे अन्यायाचे होईल. जे यंत्र रोज संध्याकाळी हिशेब जुळवून देते, पगारपत्रके वेळेवर काढते, ते बदलण्यात आज खर्च आहे आणि लाभ उद्याचा आहे. शिवाय तो लाभ निश्चितही नसतो. अशा स्थितीत व्यवस्थापकाने आहे ते चालू ठेवणे पसंत केले, तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच अविवेकी ठरत नाही. अडचण अशी की, चालू ठेवण्याचाही एक खर्च असतो आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. इमारतीचा घसारा दरवर्षी हिशेबात धरला जातो. परंतु एखादी आज्ञावली समजणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात, त्या घसाऱ्याची नोंद कोठेच होत नाही. मग एक दिवस सगळे बिल एकदम समोर येते.

असे बिल कसे येते याचे एक उदाहरण जगाने नुकतेच पाहिले आहे. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ मध्ये घडवण्यात आली. पुढील दोन-तीन दशकांत अमेरिकेतील बँकांची, विमा कंपन्यांची आणि सरकारी खात्यांची असंख्य कामे तिच्यात लिहिली गेली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे बेकारभत्त्यासाठी अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. राज्यात पैशाची किंवा आधुनिक यंत्रांची वाण नव्हती. जुन्या यंत्राशी त्याच्या भाषेत बोलणारी माणसे तेवढी उरली नव्हती. सहस्रकाच्या अखेरीस जो गाजलेला घोर लागला होता, त्याचाही उगम असाच होता. संगणकाची स्मरणशक्ती महाग होती त्या काळात वर्षाचे चार अंक लिहिण्याऐवजी शेवटचे दोनच लिहावेत, असे ठरले. ती काटकसर त्या वेळी योग्यच होती. परंतु ती केल्याचे ज्यांना ठाऊक होते ते निघून गेले आणि काटकसर मात्र मागे राहिली. मग २००० साल जवळ येताच, शेवटचे दोन शून्य पाहून यंत्र ते वर्ष १९०० समजेल की काय, या चिंतेने जगभरातील कचेऱ्यांना ग्रासले.

हर्शी कंपनीने जुनी व्यवस्था बदलण्याचे ठरवले, त्यामागेही हे वर्ष २००० चे भय होते. तेव्हा तिचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती आखणीत. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरच्या या योजनेला चार वर्षे लागतील असा अंदाज होता. कंपनीने ते काम अडीच वर्षांत उरकण्याचे ठरवले. तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या आज्ञावल्या एकाच वेळी बसवून त्यांची सांगड घालावयाची होती. काम एप्रिल १९९९ मध्ये पुरे व्हावयाचे होते. ते लांबत जुलैपर्यंत आले. एप्रिलमध्ये कंपनीचा मंदीचा काळ असतो, तर जुलैपासून सणासुदीच्या मागण्यांचा ओघ सुरू होतो. म्हणजे जी चूक एप्रिलमध्ये थोडक्यात निभावली असती, तिला जुलैमध्ये सावरण्यास वेळच मिळाला नाही. शेतकरी पेरणीच्या तोंडावर विहिरीचा गाळ काढावयास घेत नाही, एवढे व्यवहारज्ञान ज्याला त्याला असते. परंतु वेळापत्रकाच्या दडपणाखाली मोठमोठ्या कंपन्यांनाही त्याचा विसर पडतो.

या प्रकरणातील एक तपशील तर फारच बोलका आहे आणि पुढे या अपयशाची जी चिकित्सा झाली, तीत तो वारंवार सांगितला गेला. हंगामात माल वाढला की, कंपनीचे गोदामातील लोक तो मिळेल त्या मोकळ्या जागेत रचून ठेवीत. कारखान्यातील एखादा रिकामा कोपरा, तात्पुरती घेतलेली एखादी खोली अशा या जागा होत्या. त्या कोठे आहेत हे त्यांना तोंडपाठ होते. नव्या व्यवस्थेत मालाच्या सर्व जागांची यादी भरण्यात आली, तेव्हा या जागा तीत आल्या नाहीत, कारण त्या कोणत्याच कागदावर नव्हत्या. परिणाम असा झाला की, माल डोळ्यांसमोर होता, पण यंत्राच्या लेखी तो नव्हताच. आणि यंत्राच्या लेखी जो माल नाही, तो गाडीत चढू शकत नाही.

कोणत्याही कचेरीचे काम दोन प्रकारच्या ज्ञानावर चालते. एक नियमपुस्तिकेतले आणि दुसरे टेबलामागच्या माणसाच्या डोक्यातले. अमुक पुरवठादाराचे बिल नेहमी दोन भागांत येते, अमुक खातेदाराचे नाव दोन पद्धतींनी लिहिले गेले आहे, मार्चअखेरीस अमुक रक्कम तात्पुरत्या खात्यात ठेवून एप्रिलमध्ये वळती करावी लागते, या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात. वीस वर्षे एका खुर्चीवर बसलेल्या कारकुनाला त्या ठाऊक असतात आणि त्याच्या जिवावर ती जुनी, जीर्ण व्यवस्था निर्वेधपणे चालत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, यंत्र काम करीत आहे. अर्धे काम माणूस करीत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. योजना आखणारे यंत्राचा आराखडा काढतात आणि माणसाचा वाटा गाळतात. मग नवी व्यवस्था जुनीच्या निम्मेच काम करू लागली, तर त्यात नवल ते काय?

अलिखित ज्ञानाची ही उपेक्षा जितकी घातक, तितकीच घातक दुसरी एक सवय आहे. आधी तारीख जाहीर करावयाची आणि मग त्या तारखेत बसेल असे काम कापून काढावयाचे, ही ती सवय. 'आधी कळस, मग पाया' म्हणतात ते हेच. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेची कहाणी त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ही बँक २०१३ मध्ये लॉइड्स या मोठ्या बँकेतून वेगळी झाली आणि २०१५ मध्ये सबाडेल या स्पॅनिश बँकेने ती विकत घेतली. तिचे सर्व हिशेब मात्र लॉइड्सच्याच संगणकांवर चालत होते आणि त्या सेवेसाठी टीएसबीला लॉइड्सला पैसे मोजावे लागत होते. तेव्हा आपले बिऱ्हाड लवकरात लवकर हलवावे, हे तिच्या व्यापारी हिताचेच होते. स्थलांतरासाठी २०१७ च्या नोव्हेंबरचा मुहूर्त धरण्यात आला. तो गाठता येईना, तेव्हा सप्टेंबर २०१७ मध्ये तो पुढील वर्षाच्या पहिल्या तिमाहीपर्यंत लांबल्याचे जाहीर झाले. राहिलेल्या कामाला किती अवधी लागेल हे पुरतेपणी मोजण्याआधीच नवी मुदत लोकांपुढे मांडली गेली, असा ठपका नंतरच्या चौकशीत ठेवण्यात आला.

अखेर एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका दमात नव्या व्यवस्थेवर हलवण्यात आली. खात्यांवरील माहिती सुखरूप पोहोचली. परंतु ग्राहक त्या माहितीपर्यंत पोहोचेनात. सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्याचे दार बंद झालेले आढळले. काहींना परक्याच्या खात्याची माहिती दिसली. पगार, घरभाडे, कर्जाचे हप्ते अडकले. या गोंधळाचा फायदा घेऊन भामट्यांनी अनेक ग्राहकांना लुबाडले. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्ये पद सोडावे लागले. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियंत्रक संस्थांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. चौकशीत असे निष्पन्न झाले की, नव्या व्यवस्थेची दोन माहितीकेंद्रे होती आणि मोठ्या गर्दीचा भार सोसण्याची कसोटी त्यांपैकी एकाचीच घेतली गेली होती. तारीख हलणार नसेल, तर आटवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कसोटी. कसोटीवरचा खर्च वाचला तर त्या दिवशी कोणाचेच नुकसान दिसत नाही. नुकसान पुढे होते, आणि ज्याने वाचवले त्याचे नव्हे, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या खातेदाराचे होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे निर्णय एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची अशी विभागणी झालेली असते. लवकर स्थलांतर झाल्याने वाचणारी रक्कम कंपनीच्या नफ्यात दिसते. रखडलेल्या पगाराचा मनस्ताप तिच्या हिशेबात येत नाही. तो भार नंतर दंडाच्या रूपाने का होईना कंपनीवर टाकणारी नियंत्रक संस्था असावी लागते. परंतु दंड म्हणजे वरातीमागून घोडे. जोखीम ज्यांच्यावर पडणार, त्यांचा विचार योजनेच्या पहिल्या पानावरच झाला पाहिजे.

ही जोखीम केवळ पैशाची नसते. ब्रिटनमधीलच पोस्ट ऑफिसचे उदाहरण त्याहून दारुण आहे. तेथील हजारो लहान शाखा उपपोस्टमास्तर चालवतात. कित्येकदा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात ही शाखा असते. या शाखांचे हिशेब कागदावरून संगणकावर आणण्यासाठी १९९९ पासून 'होरायझन' नावाची व्यवस्था बसवण्यात आली. ती वेळोवेळी तुटीचे खोटे आकडे दाखवू लागली. करारानुसार तूट भरून देणे उपपोस्टमास्तराच्या माथी होते. कोणी घर गहाण टाकले, कोणी बचत मोडली आणि ज्यांनी आपण पैसे घेतले नाहीत असे सांगितले, त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. यंत्र बरोबरच असणार, हे संस्थेने गृहीत धरले आणि न्यायालयांनीही ते मानले. प्रत्येक उपपोस्टमास्तराला असेच सांगितले जाई की, ही तक्रार फक्त तुमचीच आहे.

अ‍ॅलन बेट्स या माजी उपपोस्टमास्तराच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र आले, तेव्हा कोठे २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या व्यवस्थेत दोष होते हे मान्य केले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द केली आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. कागदी कीर्दीत चूक झाली, तर मागची पाने उलटून ती शोधता येते. नव्या व्यवस्थेत मागची पाने उलटण्याची वाटच शाखेतील माणसाला ठेवली नव्हती. व्यवस्था बदलताना संस्थेने आपल्या माणसाच्या हातातून त्याचा पुरावा काढून घेतला, आणि मग त्याच्याकडेच पुरावा मागितला. नवी व्यवस्था आखणाऱ्या प्रत्येकाने हे एवढे एक वाक्य तरी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावयास हवे.

ही उदाहरणे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, जुने तेच बरे. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. रेल्वेचे आरक्षण एके काळी जाडजूड नोंदवह्यांवर चालत असे. विशिष्ट गाडीसाठी विशिष्ट खिडकी, त्या खिडकीपुढे पहाटेपासून रांग आणि परतीच्या प्रवासाची जागा मिळवण्यासाठी तारेने पाठवलेला निरोप, हे सर्व ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. हे काम संगणकावर आणण्याचा आरंभ रेल्वेने १९८५-८६ मध्ये केला, तो फक्त नवी दिल्लीत आणि तोही मोजक्या गाड्यांपासून. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ती आज्ञावली तयार केली. दिल्लीतील काम स्थिरावल्यावर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद या केंद्रांचा क्रम लागला.

पुढे हीच व्यवस्था जुनी झाली. पाचही केंद्रे आपापल्या जागी चांगली चालत होती. परंतु ती एकमेकांशी बोलू शकत नव्हती. तेव्हा रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी आज्ञावली लिहिली. ती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला बसवण्यात आली आणि एकेक केंद्र तिच्यावर आणीत १९९९ च्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली. म्हणजे एका व्यवस्थेच्या जागी दुसरी आणण्यास रेल्वेने जवळजवळ पाच वर्षे घेतली आणि त्या काळात देशातील आरक्षण चालूच राहिले. १९९९ हेच ते वर्ष, ज्या वर्षी हर्शीच्या गोदामात माल अडकला आणि ब्रिटनच्या पोस्टात होरायझन आली. रेल्वेच्या कारभारात उणिवा पुष्कळ आहेत. परंतु या एका बाबतीत तिने दाखवलेली सबुरी मोठ्या खासगी कंपन्यांनाही साधलेली नाही. एका केंद्रात आढळलेली चूक दुसऱ्या केंद्रात जाण्यापूर्वी दुरुस्त करता येते, हा टप्प्याटप्प्याने जाण्याचा खरा लाभ आहे.

हर्शी कंपनीनेही पुढे हा धडा गिरवला. २००२ मध्ये तिने आपल्या त्याच व्यवस्थेची पुढची आवृत्ती बसवली. या वेळी कसोट्यांवर भर देण्यात आला, आणि ते काम अकरा महिन्यांत, अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्चात आणि मालाचा पुरवठा न अडता पार पडले. तीन वर्षांत कंपनीची बुद्धी पालटली नव्हती, तर कामाची पद्धत पालटली होती.

मग चांगल्या योजनेत काय असावे? सर्वप्रथम, आज काम कसे चालते याची नोंद नियमपुस्तिकेवरून नव्हे, तर टेबलाशेजारी बसून करावी. महिन्याचे, तिमाहीचे आणि वर्षअखेरीचे असे कामाचे संपूर्ण चक्र पाहावे, कारण पुष्कळशा खाचाखोचा ३१ मार्चलाच उघड्या पडतात. त्यानंतर जुन्या नोंदींची जुळवणी करावी. अशुद्ध दप्तर शुद्ध यंत्रात घातल्याने ते शुद्ध होत नाही. त्यातील चुका मात्र अधिक वेगाने पसरतात. काय न्यावयाचे याइतकेच काय टाकावयाचे हेही ठरवावे, कारण जुन्या व्यवस्थेतील प्रत्येक तक्ता आजही कोणी वाचतो असे नाही. काही काळ जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालवून दोन्हींची उत्तरे रोज ताडून पाहावीत. यात दुप्पट श्रम आहेत हे खरे. तेव्हा त्या श्रमांची तरतूद अंदाजपत्रकात असावी, ती कारकुनाच्या रात्रीच्या जागरणातून काढू नये. बदलाचा दिवस मंदीच्या काळातला निवडावा. आणि काही बिनसलेच, तर मागे कसे फिरावयाचे, तो निर्णय कोणी आणि कोणत्या क्षणापर्यंत घ्यावयाचा, हे आधीच लेखी ठरलेले असावे. परतीचा रस्ता आखून ठेवणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. गड चढणारा शहाणा माणूस उतरण्याची वाट आधी पाहून ठेवतो.

यातील बहुतेक गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि त्याहून अधिक लागतो तो विश्वास. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यांना कडवा विरोध केला. त्या विरोधाची आज थट्टा केली जाते. परंतु आपल्या नोकरीवर गदा येईल असे ज्याला वाटते, तो आपल्या डोक्यातील ज्ञान नव्या यंत्राच्या स्वाधीन का करील, या प्रश्नाचे उत्तर थट्टा करणाऱ्यांनी दिलेले नाही. ज्याला बदलानंतरचे आपले स्थान ठाऊक आहे, तोच मनापासून सांगेल की, साहेब, ही जागा यादीत राहिली. ही खात्री देणे हा सौजन्याचा भाग नसून योजनेचाच भाग आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय आज अगदी दाराशी आला आहे. देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. आपल्याकडच्या गावोगावच्या विकास सोसायट्या तीत येतात. या सोसायट्यांची दप्तरे म्हणजे शेतकऱ्याच्या पीककर्जाचा इतिहास आहे. कोणाचे कर्ज केव्हा नवे-जुने झाले, कोणाचा सात-बारा भावांत वाटला गेला पण खाते थोरल्याच्याच नावे राहिले, कोणत्या कर्जमाफीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, यातील पुष्कळसे खतावणीत असते आणि उरलेले गटसचिवाच्या स्मरणात. ती खतावणी यंत्रात भरताना एखादी बाकी चुकली, तर तिचा जाब विचारला जाईल तो त्या शेतकऱ्याला. नव्या कर्जाची खिडकी त्याच्यासाठी बंद होईल आणि पडद्यावरचा आकडा दाखवून त्याला सांगण्यात येईल की, संगणक असेच म्हणतो.

त्या वेळी त्याच्या हाती काय असेल? जुने पासबुक त्याने जपले असेल आणि जुनी खतावणी सोसायटीने जपली असेल, तर तो दाद मागू शकेल. म्हणून प्रत्येक खातेदाराला नवी बाकी लेखी कळवून, त्याची सही घेऊन, हरकतीसाठी पुरेसा अवधी दिल्याखेरीज जुने दप्तर बंद करू नये. आणि बंद केल्यावरही ते रद्दीत घालू नये. नवे यंत्र यावे, ते आवश्यकच आहे. फक्त ज्याच्या नावाची ओळ त्या यंत्रात जाणार आहे, त्याला ती एकदा वाचून दाखवावी, आणि ती चुकीची आहे असे तो म्हणाला, तर जुने पान उघडावे.